साध्या प्रोग्रामने मशीन ठप्प: प्रोसेसरमधल्या बगांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात लिनक्स शिकणारी कॉलेजची मुलं, हिंजवडीत सर्व्हर सांभाळणारी मंडळी आणि तपकीर गल्लीतून सामान आणून घरीच पीसी जोडणारे हौशी लोक यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही प्रश्नांत दम आहे, काहींचं उत्तर दोन ओळींत संपतं.

मुळात साध्या प्रोग्रामला अख्खं मशीन बंद पाडता येतंच कसं?

यायला नको. पीसीच्या प्रोसेसरमध्ये अधिकारांच्या चार पायऱ्या असतात आणि त्यांतल्या दोनच सहसा वापरात आहेत. शून्य नंबरच्या पायरीवर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तीन नंबरवर तुमचा ब्राउझर, टॅली, गेम, सगळं. तीन नंबरवरच्याने काही आगाऊपणा केला तर प्रोसेसर त्याचं काम तिथेच थांबवतो आणि कर्नलला बोलावतो. कोणी आगाऊपणा न करता नुसताच गोल गोल फिरत बसला, तर ठरावीक वेळाने टायमरचा इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवणारा इशारा, येतो आणि सूत्रं पुन्हा कर्नलच्या हातात जातात.

ही दोन्ही कामं प्रोसेसरची आहेत, हे लोक विसरतात. कर्नल हाही शेवटी त्याच प्रोसेसरवर चालणारा एक प्रोग्राम. प्रोसेसरने त्याला बोलावलंच नाही, तर तो कितीही हुशारीने लिहिलेला असो, त्याचा काही उपयोग नाही. या लेखातले जवळजवळ सगळे बग याच जागी बसतात: बोलावणं जायला हवं होतं आणि गेलं नाही. म्हणून विंडोज चांगलं की लिनक्स, हा वाद इथे गैरलागू आहे.

सगळे ज्याचं नाव घेतात तो पेंटियमचा बग नेमका काय होता?

पेंटियम हा इंटेलचा प्रोसेसर. त्यातला हा बग नोव्हेंबर १९९७ मध्ये बाहेर आला. चार बाइट: एफ० ०एफ सी७ सी८. ते मिळून एक इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रोसेसरला दिलेली एक आज्ञा. पहिल्या दोन बाइटांवरून त्याला 'एफ०० एफ' हे नाव पडलं. या इन्स्ट्रक्शनचं काम असतं मेमरीतल्या आठ बाइटांची तुलना करून अदलाबदल करायची आणि ती होईपर्यंत बस, म्हणजे मेमरीकडे जाणारी वाट, लॉक करून ठेवायची, म्हणजे मध्ये दुसरं कोणी घुसणार नाही. फक्त या चार बाइटांत मेमरीचा पत्ता द्यायच्या जागी रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतला छोटा कप्पा, दिलेलं आहे, आणि ते नियमात बसत नाही.

नियमाप्रमाणे प्रोसेसरने 'अवैध इन्स्ट्रक्शन' म्हणून कर्नलला कळवायचं आणि कर्नलने त्या प्रोग्रामचा निकाल लावायचा. पेंटियमने यातलं निम्मं बरोबर केलं. इन्स्ट्रक्शन अवैध आहे हे त्याने ओळखलं, पण लॉक सोडलं नाही. कर्नलचा कुठला भाग बोलवायचा हे मेमरीतल्या एका तक्त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता वाचायला पेंटियम लॉक तसंच धरून गेला. लॉक धरलेलं असताना वाचनामागून लेखन यावं लागतं, आणि इथे लेखन येणारच नव्हतं. प्रोसेसर तिथेच अडकला. माउस हलत नाही, कंट्रोल-आल्ट-डिलीटला दाद नाही, रीसेटचं बटण हाच इलाज. त्यासाठी ॲडमिनचे अधिकार लागत नव्हते. सर्व्हरवर साधं खातं असलेल्या कोणीही हे चार बाइट चालवले की सगळ्यांचंच काम बंद.

पेंटियम आणि पेंटियम एमएमएक्स या दोन्हींत हा बग होता, पेंटियम प्रो आणि पेंटियम टूमध्ये नव्हता.

मग चिप बदलून दिल्या का?

नाही. सॉफ्टवेअरने वळसा घातला, आणि तो वळसा इतका सुरेख आहे की नीट सांगायलाच हवा.

त्या तक्त्यात अवैध इन्स्ट्रक्शनची नोंद ६ नंबरला असते आणि पेज फॉल्टची १४ नंबरला. पेज फॉल्ट म्हणजे मेमरीचं हवं ते पान जागेवर नसणं. ऑपरेटिंग सिस्टीमने तक्ता मेमरीत असा सरकवला, की ० ते ६ या सात नोंदी एका पानाच्या अगदी शेवटी आल्या आणि उरलेल्या पुढच्या पानावर गेल्या. मग पहिलं पान 'जागेवर नाही' असं दाखवून टाकलं. आता पेंटियम ६ नंबरची नोंद वाचायला गेला की पान सापडत नाही, म्हणून पेज फॉल्ट होतो. त्याची १४ नंबरची नोंद दुसऱ्या पानावर सुखरूप असते. प्रोसेसर त्या अडकित्त्यातून सुटतो आणि कर्नल जागा होतो. कर्नल बघतो, की पेज फॉल्ट या विशिष्ट पत्त्यावर झालाय, म्हणजे हा तोच प्रकार. तो प्रोग्राम बंद करतो आणि बाकीचे कामाला लागतात.

चिपमधली चूक चिपमध्येच राहिली. लिनक्सच्या ३२ बिट कर्नलमध्ये ही तपासणी अजूनही आहे.

दशांश भागाकार चुकवणारा पेंटियमचा बग तो हाच का?

नाही, तो १९९४ चा. भागाकारासाठी चिपमध्ये एक तक्ता होता आणि त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांच्या ते लक्षात आलं. इंटेलने त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. त्या बगाने मशीन बंद पडत नसे, उत्तर चुकत असे. माझ्या मते तो जास्त वाईट, कारण बंद पडलेलं मशीन निदान दिसतं तरी.

पेंटियम आता संग्रहालयात गेला. नंतर असं काही झालं का?

झालं, आणि थांबलेलं नाही. पेंटियमच्याच काळात सायरिक्स ६एक्स८६ या चिपमध्ये 'कोमा बग' होता. तीनच इन्स्ट्रक्शनचा लूप, त्यात एक लॉक धरून करायच्या अदलाबदलीची. सायरिक्सची पाइपलाइन, म्हणजे इन्स्ट्रक्शन टप्प्याटप्प्याने उरकणारी साखळी, इतक्या उत्साहाने पुढची इन्स्ट्रक्शन आधीच सुरू करायची, की दोन कामांमध्ये इंटरप्ट घ्यायला फटच उरत नसे. टायमर दार वाजवत बसायचा. यात एकही इन्स्ट्रक्शन अवैध नव्हती. उपाय होता चिपच्या एका कंट्रोल रजिस्टरमध्ये लॉकिंगच बंद करण्याचा.

२०१६ च्या जानेवारीत इंटेलच्या स्कायलेकची, म्हणजे सहाव्या पिढीची पाळी आली. प्राइम९५ हा मोठमोठ्या मूळ संख्या शोधणारा प्रोग्राम. हौशी लोक नवीन पीसीचा दम बघायलाही तो चालवतात. एका ठरावीक आकाराच्या आकडेमोडीवर स्कायलेक मशीन हँग व्हायची. दुरुस्ती बायॉसच्या, म्हणजे मशीन सुरू होताना मदरबोर्डवरून आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधून आली.

मार्च २०१७ मध्ये एएमडीचा पहिला रायझन बाजारात आला आणि त्याच महिन्यात कळलं, की गुणाकार-बेरीज एका दमात करणाऱ्या एफएमए३ इन्स्ट्रक्शनांचा एक बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारा प्रोग्राम, चालवला की मशीन जागीच ठार होतं. त्याचीही दुरुस्ती बायॉसमधूनच. त्याच वर्षी जूनमध्ये स्कायलेक आणि केबी लेकमधला हायपरथ्रेडिंगचा (एकाच कोअरवर दोन कामं एकदम चालवायच्या सोयीचा) एक घोळ गाजला. तो उकलला ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेवर काम करणाऱ्यांनी. त्याआधी ते आपल्याच कंपायलरमध्ये, म्हणजे प्रोग्रामचं इन्स्ट्रक्शनांत रूपांतर करणाऱ्या साधनात, चूक शोधत होते.

त्याहून मागे गेलात, मोटोरोला ६८०० किंवा कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाच्या घराण्यातला ६५०२, तर त्यांत मशीन गोठवणारे ऑपकोड, म्हणजे इन्स्ट्रक्शनचे आकडे, होतेच. ६५०२ मध्ये ते बारा होते. पण त्या चिपांत अधिकारांच्या पायऱ्याच नव्हत्या, त्यामुळे कोणी त्याला भगदाड म्हणत नसे.

सर, माझ्या सी++ च्या असाइनमेंटने लॅबमधला पीसी हँग झाला. मला प्रोसेसरचा बग सापडला का?

अभिनंदन जरा लांबणीवर टाकू. लूपमध्ये मेमरी घेत सुटलेला किंवा स्वतःच्या प्रती काढत सुटलेला प्रोग्राम मशीनला हँग झाल्यासारखं करतो, पण तिथे कर्नल जिवंत असतो आणि नुसता दमलेला असतो. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर गाडी अडकणं वेगळं आणि इंजिन जॅम होणं वेगळं.

फरक ओळखायची पहिली चाचणी अगदी साधी आहे. कॅप्स लॉक दाबा आणि कीबोर्डवरच्या दिव्याकडे बघा. उशिराने का होईना, दिवा लागला-विझला तर कर्नल चालू आहे. मग दुसऱ्या मशीनवरून पिंग करून, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून, बघा. उत्तर आलं तर थांबा, चहा पिऊन या, तोवर बहुधा सुटेल. दिवा ढिम्म, पिंग बंद, स्पीकरमधून शेवटचा आवाज टर्रर्र करत अडकलेला, असं असेल तर पुढची शंका घ्यायला हरकत नाही.

माझा घरचा पीसी दिवसातून दोनदा हँग होतो. प्रोसेसरचा बगच असणार ना?

बहुधा नाही. कोणाचा विश्वास बसत नाही, पण क्रम असा ठेवा: रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), उष्णता, डिस्क, ड्रायव्हर, आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसर.

नारायण पेठेतल्या एका डीटीपीवाल्यांचं मशीन रोज दुपारी अडकायचं. त्यांनी इंटरनेटवर वाचून स्कायलेकचाच बग आहे असं ठरवून टाकलं होतं, कारण चिप सहाव्या पिढीची होती. कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये कागदाच्या भुश्शाचा आणि धुळीचा नमद्यासारखा थर. थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, नखाने पोपडे निघत होते. एसएमपीएसमधला एक कपॅसिटर वरून फुगलेला. दुपारी खोली तापायची आणि त्याच वेळी मोठी छपाई सुरू व्हायची, एवढंच. ब्रश, नवी पेस्ट आणि नवा एसएमपीएस. बायॉसला हातही लावावा लागला नाही.

रॅमसाठी मेमटेस्ट रात्रभर चालवा. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर' या नावाच्या नोंदी शोधा. हार्डवेअरने स्वतः केलेली तक्रार तिथे उतरते. पण ती नोंद दिसली म्हणजे डिझाइनमधला बग, असा अर्थ काढू नका. कमी पडलेल्या व्होल्टेजचीही तीच नोंद होते.

खरा बग ओळखू येतो तो पुन्हा पुन्हा तसाच घडण्याने. तोच प्रोग्राम, तेच काम, दुसऱ्या घरातलं, दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डचं, पण त्याच पिढीचा प्रोसेसर असलेलं मशीनही तसंच अडकतं, तेव्हा कान टवकारा.

तेराव्या-चौदाव्या पिढीच्या इंटेलबद्दल एवढं ऐकू येतं. ते याच प्रकारातलं का? सेकंडहँड घेऊ का?

प्रकार वेगळा आहे. तिथे एखादी इन्स्ट्रक्शन चिपला अडकवत नाही. काही डेस्कटॉप चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत राहिल्या, त्याने आतली सर्किटं हळूहळू झिजली आणि मग गेम किंवा कंपायलर कुठेही कोसळू लागले. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे अपडेट काढले (मायक्रोकोड म्हणजे काय ते पुढच्या प्रश्नात): आधी ०एक्स१२९, मग ०एक्स१२बी, आणि मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ. वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली.

पण झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही. म्हणून सेकंडहँड घेताना आधीच्या मालकाने बायॉस केव्हा अपडेट केला होता ते विचारा. 'बायॉस म्हणजे काय?' असा उलटा प्रश्न आला तर किंमत बरीच पाडा, किंवा सरळ दुसरी चिप बघा. बिल आणि वॉरंटी शिल्लक असेल तर गोष्ट वेगळी.

मायक्रोकोड म्हणजे काय? सिलिकॉनवर कोरलेली गोष्ट अपडेट कशी होते?

सगळं काही कोरलेलं नसतं. गुंतागुंतीच्या इन्स्ट्रक्शन आतल्या आत छोट्या छोट्या पावलांत मोडल्या जातात आणि त्या पावलांची यादी म्हणजे मायक्रोकोड. पेंटियम प्रोपासून, म्हणजे १९९५ पासून, इंटेलच्या चिपमध्ये ही यादी थोडीफार बदलायची सोय आहे. काही वेळा चिपमधला एखादा भाग सरळ बंद करून टाकणं हीच दुरुस्ती असते, आणि त्याची किंमत वेगात मोजावी लागते. २००७ च्या एएमडी फिनॉममध्ये टीएलबीचा, म्हणजे मेमरीचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या आतल्या यादीचा, बग निघाला तेव्हा बायॉसमधल्या दुरुस्तीने काही कामं चांगलीच मंदावली. पुढच्या वर्षी बी३ आवृत्तीची सुधारलेली चिप आली तेव्हा तो विषय मिटला.

मायक्रोकोड चिपमध्ये कायमचा लिहिला जात नाही. वीज गेली की पुसला जातो आणि दर वेळी सुरू होताना बायॉस किंवा ऑपरेटिंग सिस्टीम तो नव्याने भरते. म्हणून बायॉस जुना असला तरी लिनक्सचं मायक्रोकोड पॅकेज ताजं असेल तर बरंच काम भागतं. उबंटू-डेबियनवर इंटेल आणि एएमडीची वेगवेगळी पॅकेजं आहेत.

तुमच्याकडे कुठला चालू आहे ते लिनक्सवर 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'सीपीयूइन्फो' फाइलमध्ये दिसतं. तिथे 'मायक्रोकोड' नावाची ओळ असते, आणि त्याच फाइलमध्ये 'बग्ज' नावाचीही. ती दुसरी ओळ लांबलचक दिसली तर घाबरू नका. ती सगळ्यांचीच लांब आहे, आणि दुरुस्त केलेले बगही तीत राहतात.

बायॉस अपडेट करताना काय सांभाळायचं?

वीज. जूनच्या पहिल्या वादळी पावसात, दिवे लुकलुकत असताना हे काम काढू नका. लॅपटॉप चार्जरवर आणि बॅटरीही भरलेली, डेस्कटॉप यूपीएसवर, आणि त्या यूपीएसची बॅटरी आधी तपासलेली. फाइल मदरबोर्ड किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, व्हॉट्सॲपवर आलेली नको.

आमचं सगळं क्लाउडवर आहे. आम्हाला याचं काय?

खरं तर तुम्हालाच. घरच्या पीसीवर कोणी चार बाइट चालवून तुमचं मशीन बंद पाडलं, तर तुम्ही बटण दाबून पुन्हा सुरू करता. क्लाउडवर एका लोखंडी डब्यात वेगवेगळ्या कंपन्यांची व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) शेजारी शेजारी असतात. त्यातल्या एकाने खालचा होस्ट, म्हणजे मूळ मशीनच, पाडला तर सगळेच जातात.

नोव्हेंबर २०१५ मध्ये असंच एक प्रकरण आलं, आणि त्यात प्रोसेसर आपल्या पुस्तकाप्रमाणेच वागत होता. गेस्ट, म्हणजे त्यावर चालणारं व्हर्च्युअल मशीन, मुद्दाम अशी मांडणी करायचं, की एक एक्सेप्शन, म्हणजे काही बिनसल्यावर जाणारं बोलावणं, पोचवताना पुन्हा तेच एक्सेप्शन उद्भवेल, ते पोचवताना पुन्हा तेच. प्रोसेसर मायक्रोकोडमध्येच या चक्रात फिरत राहायचा आणि होस्टला तो कोअर परत मिळायचाच नाही. केव्हीएम, झेन अशा सगळ्याच हायपरवायझरमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बदल करावे लागले.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दुसरं आलं. मेमरीच्या पानाचा आकार बदलताना एकाच पत्त्याच्या दोन नोंदी प्रोसेसरच्या आतल्या यादीत एकदम सापडायच्या आणि इंटेलच्या अनेक चिप 'मशीन चेक', म्हणजे हार्डवेअर बिघडल्याचा इशारा, देऊन बसायच्या. केव्हीएमने मोठ्या पानांवरून कोड चालवायलाच आडकाठी घालून मार्ग काढला.

तिसरं नोव्हेंबर २०२३ चं, 'रेप्टार'. गूगलच्या लोकांनी शोधलं. मेमरी कॉपी करणाऱ्या एका नेहमीच्या इन्स्ट्रक्शनच्या आधी एक निरर्थक प्रीफिक्स बाइट लावायचा. एरवी प्रोसेसर असला फालतू बाइट दुर्लक्षून पुढे जातो. पण इंटेलच्या आइस लेक आणि नंतरच्या काही पिढ्यांत छोटी कॉपी झटपट करायची जी नवी सोय होती, तिचा त्याने गोंधळ उडायचा आणि अख्खा होस्ट बंद पडायचा. इंटेलने मायक्रोकोड काढला.

मोठ्या क्लाउड कंपन्या हे त्यांच्या पातळीवर उरकतात. अडचण आहे ती स्वतःच्या ऑफिसात दोन-चार सर्व्हर ठेवून त्यांवर ग्राहकांना व्हर्च्युअल मशीन विकणाऱ्यांची. 'तीन वर्षं रीबूट केला नाही' हे तिथे कौतुकाने सांगतात. मला त्याचा अर्थ एवढाच दिसतो, की तीन वर्षांत ना कर्नल बदलला, ना मायक्रोकोड.

चिप विकण्याआधीच हे पकडत का नाहीत?

पकडतात, शेकड्याने पकडतात. उरलेले आपल्याला भेटतात. दोन ६४ बिट संख्यांच्या सगळ्या जोड्या तपासायच्या म्हटल्या तर त्या २ चा १२८ वा घात एवढ्या होतात. एक्स८६ ची, म्हणजे इंटेल-एएमडीच्या घराण्याची, एक इन्स्ट्रक्शन १५ बाइटांपर्यंत लांब असू शकते. त्यात आधी काय चालू होतं, कुठली नोंद कुठल्या कॅशमध्ये होती, शेजारचा थ्रेड काय करत होता, हे धरलं की संपलंच. भागाकाराच्या प्रकरणानंतर चिपची काही गणितं सिद्धतेने तपासायची पद्धत वाढली, पण ती आकडेमोडीच्या भागांना जमते तशी अख्ख्या चिपला जमत नाही.

बाहेरूनही लोक शोधतात. १९९० च्या दशकात 'क्रॅशमी' नावाचा प्रोग्राम होता, तो यादृच्छिक बाइट इन्स्ट्रक्शन म्हणून चालवून बघायचा. २०१७ मध्ये क्रिस्टोफर डोमास यांनी 'सँडसिफ्टर' हे जास्त चतुर साधन दाखवलं. त्यात त्यांना एका प्रोसेसरवर साध्या प्रोग्रामने मशीन गोठवणारी इन्स्ट्रक्शन सापडली, आणि कंपनीचं नाव त्यांनी तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही.

इंटेल-एएमडी सोडून रिस्क-५ वर गेलो तर सुटका होईल का?

नाही. रिस्क-५ हा प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनांचा वेगळा, सगळ्यांना खुला आराखडा, पण बग तिथेही आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये जर्मनीतल्या सिस्पा या संस्थेच्या संशोधकांनी टी-हेड कंपनीच्या सी९१० कोअरमध्ये 'घोस्टराइट' दाखवला. साधा प्रोग्राम व्हेक्टर इन्स्ट्रक्शन (अनेक आकड्यांवर एकदम काम करणाऱ्या) वापरून थेट हव्या त्या भौतिक मेमरीत लिहू शकतो, मशीन बंद पाडणं तर किरकोळच. त्याच कंपनीच्या सी९०६ आणि सी९०८ मध्ये मशीन थांबवणारे इन्स्ट्रक्शनांचे क्रम निघाले. सी९१० वर उपाय म्हणजे व्हेक्टर विभागच बंद करणं. सी९१० असलेला लिची पाय ४ए बोर्ड घेऊन प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी हे माहीत असू द्यावं.

वेबपेज उघडल्याने असा बग चालू होऊ शकतो का?

अवघड आहे. जावास्क्रिप्टला हवे ते बाइट प्रोसेसरला देता येत नाहीत. कुठल्या इन्स्ट्रक्शन वापरायच्या हे ब्राउझरचं इंजिन ठरवतं. एफ०० एफ किंवा रेप्टारसारख्यांना तिथून वाट नाही. माहिती चोरणारे स्पेक्टरसारखे बग वेगळे, ते ब्राउझरमधूनही दाखवले गेले आहेत.

अँटिव्हायरस अडवेल?

भरवसा ठेवू नका. चार बाइट हजार प्रकारे लपवता येतात.

जुना पेंटियम माळ्यावर आहे. गंमत म्हणून करून बघू का?

स्वतःच्या मशीनवर खुशाल. आधी डिस्क रिकामी किंवा बिनमहत्त्वाची ठेवा, कारण मशीन अडकताना मेमरीत राहिलेलं लेखन डिस्कवर पोचत नाही आणि फाइल सिस्टीम बिघडू शकते. कॉलेजच्या लॅबमध्ये, ऑफिसच्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर अजिबात नको. दुसऱ्याच्या संगणकाचं काम परवानगीशिवाय बंद पाडणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खरंच काही सापडलं असं वाटतंय. कोणाला सांगू?

आधी कुठेही टाकू नका. इंटेल आणि एएमडी दोघांकडेही सुरक्षेच्या तक्रारी घेणारे विभाग आहेत, आणि भारतात सर्ट-इन ही सरकारी संस्था आहे. पाठवताना प्रोसेसरचं पूर्ण नाव, फॅमिली-मॉडेल-स्टेपिंगचे आकडे, मायक्रोकोडचा आकडा, बायॉसची तारीख आणि शक्य तितका छोटा केलेला प्रोग्राम द्या. ओव्हरक्लॉकिंग आणि रॅमचं एक्सएमपी (जास्त वेगाची सेटिंग) बंद करून पुन्हा तपासलंय हेही लिहा, नाहीतर पहिलं उत्तर तेच विचारणारं येईल.

अडकलेल्या मशीनच्या डिस्कवर शेवटचा लॉग बहुतेक वेळा पोचलेलाच नसतो. म्हणून लिनक्सचा नेटकन्सोल आधीच चालू करून ठेवा, म्हणजे कर्नलचे शेवटचे शब्द नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर उतरतील. नेटवर्कही जमत नसेल तर फोन स्टँडवर लावून स्क्रीनचं शूटिंग करत बसा.